हौसाक्काच्या रिंगणात मनुका

"कुत्रीचं मागनं बघू. आधी तू पळून दाखव," हौसाक्का म्हणाली.

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. जुन्या टायरांचा ढीग होता आणि त्याला टेकवलेली एक बांबूची शिडी.

"मी?"

"मग काय मी पळू? ह्या गुडघ्यानं? त्या बादलीला वळसा घालून ये. पळत."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात कोल्हापुरी चपला. शेवटचा पळालो होतो तो बहुधा सातवीत, आणि तेही पिसाळलेल्या म्हशीच्या पुढे. पण हौसाक्काकडे बघून नाही म्हणायची सोय नव्हती. चपला काढल्या, बादलीपर्यंत गेलो, वळसा घातला आणि परत आलो.

हौसाक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे खांदे गदगदा हलत होते. माझी आठ महिन्यांची कुत्री मात्र गंभीर होती. एक कान वर, एक कान खाली करून ती माझ्याकडे बघत होती. आपला मालक असा आहे हे तिला आजच कळलं असावं.

"हात शिवून टाकल्यात का कुणी अंगाला?" हौसाक्काने डोळे पुसले. "आन् तोंड बादलीकडं, पाय गेटाकडं, खांदं तिसरीकडंच. त्या मुक्या जिवानं तुझ्या कुठल्या भागाचं ऐकायचं?"

हे ठिकाण होतं तासगावात, विट्याच्या रस्त्याला. हौसाक्काच्या मुलाचं, तानाजीचं, टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं आणि दुकानामागे वीस गुंठ्यांची मोकळी जागा. त्या जागेला हौसाक्का रिंगण म्हणायची. अकराव्या वर्षी ती सर्कशीत गेली आणि छप्पन्नाव्या वर्षी परत आली. मधली पंचेचाळीस वर्षं तिने कुत्र्यांबरोबर काढली. आडनाव वाघमोडे, त्यामुळे गावात सगळ्यांची समजूत अशी की ही वाघाच्या पिंजऱ्यात जायची. ती समजूत ती खोडून काढत नसे. "वाघ काय, बसून असतोय," एवढंच म्हणायची. "बावीस कुत्री एका रांगेत बसवून दाखवा म्हणावं."

मी तिच्याकडे गेलो त्याला कारण आमचा धंदा. आमचं बेदाण्याचं अडत दुकान. माझे वडील भाऊसाहेब मगदूम, त्यांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा, आणि घरात आम्हीही. सौद्याच्या दिवशी अण्णा लाकडी फळीवर उभे राहून बोली पुकारायला लागले की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला भाव कळायचे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा सुकुमार. खाली पोत्यावर बसून चिठ्ठ्या लिहायचो. माझा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. "काय पुटपुटतोयस?" असं अण्णा दिवसातून चार वेळा विचारायचे आणि मग माझं पुटपुटणंही बंद व्हायचं.

एका मेंढपाळाच्या कारवानी जातीच्या कुत्रीला झालेलं हे पिल्लू मी अण्णांना न विचारता घरी आणलं होतं. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक बंडखोरपणा. तिला पाय होते आणि बाकी विशेष काही नव्हतं. रंग तांबूस काळा, अंगावर बारीक सुरकुत्या. आईने बघताक्षणी काळ्या बेदाण्याचं नाव ठेवलं, मनुका.

लस टोचायला गुरांच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर मुजावरांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मगदूम, बेदाणा आणि मनुका हे कुत्र्याला विष आहे. मूठभर पोटात गेलं तर मूत्रपिंडं बसतात. एखाद्याला चार दाण्यांनीही होतं, आणि कुणाला होईल ते आधी कळत नाही."

"डॉक्टर, आमच्या घरात पोत्यांनी असतो."

"म्हणूनच सांगतोय." मग ते दुसरीकडे तोंड करून बराच वेळ हसले. "हौसाक्काकडं जा. 'सोड' म्हटलं की सोडणारं आणि हाक मारली की येणारं कुत्रं तासगावात तीच करून देते. बाकी कुणी नाही."

हौसाक्काचं मात्र मनुकेला नुसतं सोड आणि ये शिकवून भागणार नव्हतं. तिने मनुकेचे पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला, शेपूट उचलून पाहिली आणि जाहीर केलं, की सांगलीला पुढच्या वर्षी कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत आहे, उड्या, बोगदा, उतरती फळी, सगळं घड्याळ लावून, आणि त्यात ही पळणार.

"ही?" मी म्हणालो.

"ही. आन् हिच्या बरोबरीनं तू. माणूस पळल्याशिवाय कुत्रं पळत न्हाई त्यात. तीच तर अडचण हाय."

*

पहिला पेच खाऊचा आला. हौसाक्का म्हणाली, येताना उकडलेली कलेजी आण, बारीक तुकडे करून.

"आक्का, आम्ही जैन."

"तू जैन. तिला इचारलंस?"

मी घरी जाऊन आईला विचारलं. आईने देव्हाऱ्याकडे बघितलं, मग मनुकेकडे बघितलं आणि पनीरचे चण्याएवढे तुकडे करून तव्यावर कोरडे भाजून दिले. हौसाक्काने एक तुकडा स्वतः खाऊन बघितला आणि आणखी दोन खाल्ले. तेव्हापासून आई तिच्यासाठी वेगळी पुडी द्यायला लागली, थोडं जिरं लावून. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवणं होतात. त्यामुळे मनुकेचंही जेवण साडेपाचलाच असायचं. सहाचा भोंगा झाला की ती पनीरच्या तुकड्याकडेही जरा संशयाने बघायची.

दुसरा पेच असा, की गावाला उडी बघायची होती. सर्कसवाली बाई कुत्रं शिकवते म्हणून टायरच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकं मागे डोकावायची. त्यांना काय दिसायचं? एक लांबुडका माणूस बादलीभोवती फिरतोय आणि एक कुत्री त्याच्याकडे बघतेय.

"उडी कधी?" एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"वर्षाची झाल्याबिगर उडी न्हाई," हौसाक्का म्हणाली. "हाडं कच्ची हायत. आता उडवली तर दोन वर्षांत लंगडी. आधी तिला कळू दे, आपल्याला मागं पाय हायत."

ट्रॅक्टरवाला मनुकेच्या मागच्या पायांकडे बघत राहिला.

पण ते खरंच होतं. कुत्र्याला पुढचे पाय माहीत असतात. मागचे पाय त्याच्या मागोमाग आपोआप येतात, अशी त्याची समजूत असते. हौसाक्काने बांबूची शिडी जमिनीवर आडवी ठेवली आणि मनुकेला तिच्यातून चालवलं. पुढचे पाय बरोबर घरांत पडले. मागचे एक शिडीवर, एक शिडीबाहेर, आणि मनुका वळून बघतेय, हे कुणाचे पाय म्हणून. मग पालथं घमेलं. पुढचे दोन पाय घमेल्यावर ठेवायचे आणि मागच्या पायांनी गोल फिरायचं. मग भिंत आणि फळी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून उलटं, मागे मागे चालत यायचं. हे शेवटचं मनुकेला इतकं आवडलं, की घरी ती स्वयंपाकघरातून उलटी बाहेर यायला लागली. आई म्हणायची, काय वळण आहे बघा, देवाकडे पाठ नाही करत.

माझी प्रगती हळू होती. खांदा जिकडे, कुत्रं तिकडे. पायाचा अंगठा जिकडे, कुत्रं तिकडे. तोंडाने काहीही बोला. हे पाठ झालं. सगळ्यात अवघड गेली ती हाक.

"हाक मार," हौसाक्का म्हणाली.

"मनुका, ये."

"कुणी मेलंय काय घरात?"

"मनुका! ये!"

"ही हाक हाय का नोटीस?" ती काठी टेकत माझ्यासमोर आली. "हे बघ मगदूम. तिकडं उंदराचा वास हाय, पाखरू हाय, दुसरं कुत्रं हाय. हिकडं तू हायस. तिनं तुला का निवडावं? हाक अशी पाहिजे, की तिला वाटलं पाहिजे, अरे, माझ्याबिगर काहीतरी मजा चाललीय तिकडं. आवाज वर ने. टाळ्या वाजव. आन् तिच्याकडं जायचं न्हाई, उलट्या दिशेला पळायचं. तिच्यामागं तू पळलास तर तिला वाटंल शिवाशिवी. तू पळून गेलास तर ती येणार. तरी न्हाई आली तर जमिनीवर आडवा पड. माणूस आडवा पडला की कुत्र्याला ऱ्हावत न्हाई."

मग तिने स्वतः हाक मारून दाखवली. अडुसष्ट वर्षांची ती बाई दोन्ही हात हवेत उडवून असं काही किंचाळली, "ईऽऽ चलाऽऽ चलाऽऽ चला चला चला!" की मनुका माझ्या हातातली दोरी ओढून गेली, तानाजीची दोन पोरं आली, आणि दुकानातून हवा भरायला आलेला एक स्कूटरवालाही डोकावला.

"आता तू."

मी चहूकडे बघितलं. कुंपणाजवळ ट्रॅक्टरवाला होताच. माझ्या घशातून जे निघालं त्याला हौसाक्काने दाराच्या बिजागरीची उपमा दिली. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, आता तेल घातल्यागत वाटतंय. त्यापुढे काही मी गेलो नाही. माझ्या अंगावर रोज इतकी लाज चढायची, की घरी येताना मी मान खाली घालून, गल्लीबोळांतून यायचो.

अण्णांना हे सगळं ठाऊक होतं. एकदा जेवताना आईला म्हणाले, "आपला मुलगा बादलीभोवती फिरतो म्हणे." आईने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

*

मार्च महिना, सौदा भरात आलेला. त्या गुरुवारी सत्तरेक व्यापारी दुकानात होते. सांगलीचे, पंढरपूरचे, दोन तर थेट दिल्लीहून आलेले. पेट्या फोडून मांडलेल्या. व्यापाऱ्याने मूठभर माल उचलायचा, तळहातावर फिरवायचा, नाकाशी धरायचा आणि उरलेला मागे टाकून द्यायचा, अशी रीत. दुपारपर्यंत फरशीवर बेदाण्याचा थर साचलेला असायचा. चालताना चपलेला चिकटायचा.

त्या दिवशी सकाळी मी मनुकेचा सराव घेतला, तिला अंगणात जांभळाच्या झाडाला बांधलं आणि दुकानात आलो. पट्टा चांगला होता. दोरी चांगली होती. मी एवढंच विसरलो होतो, की तिला मागे मागे चालायला मीच शिकवलंय. कारवानी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक. ती दोरी ताणून चार पावलं उलटी चालली, पट्टा कानांवरून सरकून खाली पडला, आणि बाईसाहेब माझ्या वासावर निघाल्या. घरापासून दुकान अर्धा किलोमीटर.

अण्णा फळीवर होते. "एकशेवीस, एकशेवीस, बोला!" मी चिठ्ठीवर आकडा लिहीत होतो. लिहिता लिहिता वर बघितलं तर दारात मनुका उभी. शेपूट हलतेय. नाक खाली.

हातातली चिठ्ठी कुठे गेली कळलं नाही. ती दोन पावलं आत आली. तोंड फरशीला लागलं.

"ए, हाड!" आमचा हमाल झाडू घेऊन धावला. दुसरा पलीकडून धावला. मनुकेला वाटलं, शिवाशिवी. ती पेट्यांमधून सुटली. एका व्यापाऱ्याच्या दोन पायांमधून गेली, वजनकाट्यावरून गेली, मालाच्या ढिगावर चढली, आणि तिथे थांबून चक्क खाली तोंड घातलं.

मी उठलो. पाय तिच्याकडेच निघाले होते. ते मी थांबवले. कसे थांबवले, मला माहीत नाही.

"कुणीऽऽ हलूऽऽ नकाऽऽ!"

सत्तर माणसं जागच्या जागी थिजली. अण्णांचा हात बोलीत वर गेलेला, तो वरच राहिला. हा आवाज कुणाचा म्हणून ते इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

मी मोठा श्वास घेतला.

"मनुऽऽकाऽऽ! मनुकाऽऽ! मनुकाऽऽ!"

"काला माल?" दिल्लीचा एक व्यापारी दचकून म्हणाला. "काला माल आया? कितनी पेटी?"

"मनुकाऽऽ!"

"नव्वद!" मागून कुणीतरी बोली लावली.

"पंच्याण्णव!" दुसरा म्हणाला. माल कुणी बघितला नव्हता.

मनुकेने डोकं वर केलं. तोंडात काहीतरी होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि पायाखालच्या ढिगाकडेही बघत होती. निवड चालली होती. मी दोन्ही हात हवेत फेकले. मांड्यांवर थापा मारल्या. आणि जन्मात कधी निघाला नव्हता तसा आवाज काढला, "ईऽऽ चलाऽऽ चलाऽऽ चला चला चला!" आणि तिच्याकडे पाठ करून दाराबाहेर पळत सुटलो.

दारातल्या पेटीला पाय अडकला, पडलो, उठलो. हमालांच्या मधून, उभ्या ट्रकच्या बाजूने, चहाच्या गाड्यासमोरून पळालो, हात फडफडवत, किंचाळत. चहावाला कप घेऊन उभाच राहिला. बाजाराच्या मोकळ्या चौकात पोचलो तरी मागे पंजांचा आवाज येईना. वळून बघायचं नव्हतं. बघितलं की खांदा वळतो, खांदा वळला की कुत्रं थांबतं. मग मी शेवटचा उपाय केला. इस्त्रीच्या शर्टासकट भर चौकात उताणा पडलो आणि हातपाय हलवायला लागलो.

वर स्वच्छ आभाळ होतं. मला वाटलं, नाही आली.

तेवढ्यात चौदा किलोची मनुका माझ्या छातीवर येऊन आदळली.

मी तिला मिठीत धरलं, जबडा उघडला, बोट घालून जिभेखालचे, गालातले दाणे काढले. मग उजव्या खिशातलं सगळं पनीर तिच्यापुढे धरलं. "शाणी बाय, शाणी बाय," मी म्हणत होतो. मी रडत होतो असं चहावाल्याने नंतर गावभर सांगितलं. मला आठवत नाही.

मान वळवली तर दुकानाच्या दारात सत्तर व्यापारी, आणि सगळ्यांच्या पुढे अण्णा.

*

मुजावर डॉक्टरांनी मनुकेला उलटीचं औषध दिलं. पाच बेदाणे पडले. त्यांनी दोन दिवस सलाईन लावली, रक्त तपासलं आणि शनिवारी सकाळी सांगितलं, घेऊन जा, मूत्रपिंडं ठणठणीत आहेत.

माझी तब्येत मात्र गावाच्या मते बिघडली होती. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा अण्णांना फोन आला, "लडका अब कैसा है?" बाजारात बातमी होती, की भाऊसाहेबांच्या मुलाला सौद्यात झटका आला, तो ओरडत बाहेर पळाला आणि चौकात पडून हातपाय झाडत होता. ती बातमी सांगलीमार्गे जयसिंगपूरला पोचली. तिथलं एक स्थळ माझ्यासाठी जवळपास ठरलं होतं. मुलीच्या मामांनी कळवलं, की सध्या घाई नको, आधी एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शनिवारी जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, टॉवेलने पुसले आणि आईला सांगितलं, "उद्या मी स्वतः त्या सर्कसवाल्या बाईकडं जाणार आहे. हे खेळ बंद. कुत्रं राहू दे घरात, पण खेळ बंद."

"मग जाऊन सांगा," आई म्हणाली. "पुडी तेवढी घेऊन जावा त्यांची."

रविवारी सकाळी मी मनुकेला घेऊन रिंगणात गेलो. शेवटचाच दिवस आहे हे हौसाक्काला सांगायचं धाडस झालं नाही. तिने त्या दिवशी नवीन मांडणी केली होती. ट्रकचे चौदा टायर एकाला एक लावून, वर ताडपत्री टाकून बोगदा केला होता, आणि त्याला मधे वळण दिलं होतं. सरळ बोगद्यातून मनुका केव्हाच जायला लागली होती. वळणाच्या बोगद्यात पलीकडचा उजेड दिसत नाही. ती तोंड घालायची, आतला अंधार बघायची आणि मागे मागे बाहेर यायची.

"एकानं हिकडं धरायला पाहिजे आन् एकानं तिकडनं हाक मारायला पाहिजे," हौसाक्का म्हणाली. "तानाजी गेलाय मिरजेला. मला वाकता येत न्हाई."

तेवढ्यात अण्णा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात जिऱ्याच्या पनीरची पुडी. येताना त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलेलं असावं, कारण ते थेट सुरू झाले. "हे बघा बाई, मी भाऊसाहेब मगदूम..."

"आलासा? लई बरं झालं," हौसाक्का मांडणीवरची नजर न काढता म्हणाली. "माणूस कमीच हाय. पुडी तिथं ठेवा. त्या टोकाला जाऊन बसा."

"मी सांगायला आलो होतो की..."

"आधी बसा. कुत्री ताटकळलीया."

तीस वर्षांत अण्णांना बसा, उठा असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायचं झालं तर तेच म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मनुकेकडे बघितलं. मग अण्णा बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला गेले. धोतर आवरून उकिडवे बसले.

"तसं न्हाई. गुडघ्यावर या. तोंड टायरापाशी न्या, तिला दिसायला पाहिजे."

मग ताडपत्रीच्या वरून दिसणारी अण्णांची टोपी हळूहळू खाली गेली.

"हां. मारा हाक."

"मनुका! चल!" बोगद्यातून सौद्याचा आवाज आला. टायरांत तो आणखी घुमला. मनुका माझ्या पायामागे जाऊन बसली.

"अवो, हमालाला बोलावताय काय? भ्यालं ते. त्याला वाटतंय आत गेलं की पाठीत बसणार. पुन्हा."

"मनुका. ये. चल ये."

"पुन्हा."

"मनुका, ये की."

"पुन्हा. हसत."

"बाई," अण्णांचा आवाज आला, आणि तो थकलेला होता, "मला असंच बोलता येतं."

हौसाक्का काठी टेकत बोगद्याच्या पलीकडे गेली. तिचा आवाज खाली आला, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"घरात लहान पोर कधी नव्हतं का तुमच्या?"

"होतं."

"पहिलं पाऊल टाकताना त्याला कसं बोलवायचा? त्यालाबी असंच?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मला वाटलं, अण्णा उठून निघाले असतील. मी मनुकेचा पट्टा धरून वाकलो आणि बोगद्यात बघितलं. वळणापर्यंत नुसता काळोख होता, रबराचा वास होता.

मग त्या काळोखातून एक आवाज आला. बारीक, वर चढलेला, मधेच फाटणारा. तो कुणाचा आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"कोण आलं? कोण आलं? माझा डुगडुग्या आला! ये, ये, ये... पडत नाही रे, पडत नाही... अण्णाकडं ये! डुगडुग्या माझा, अण्णाकडं ये!"

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. निदान ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

मनुका माझ्या हातातून सुटली. चौदा टायर तिने एका दमात पार केले, आतून धडधड धडधड आवाज येत गेला, आणि पलीकडे अण्णांची टोपी उंच उडाली. अण्णा मागे कोलमडले असावेत. त्यांचं हसू ऐकू आलं. हौसाक्काच्या काठीचा आवाज झाला. ती बोगद्याला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी गुडघ्यांवर होतो. डोकं आणि दोन्ही खांदे पहिल्या टायरात गेलेले होते.

"तुला कुत्रं धरून उभा ऱ्हा म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू कुठं निघालास?"